उलटा रस्ता दाखवणारे भिंग

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या कप्प्यात पडलेले एक जुने भिंग मी. माझ्या एका अंगाला साल काढायची सुरी आहे, दुसऱ्या अंगाला झाकण उघडायची चावी. कप्पा उघडला की उजेड येतो, लोटला की जातो. उजेड वाकवणे एवढेच मला येते. इथे ते काम क्वचितच मिळते, त्यामुळे आठवायला मात्र भरपूर वेळ मिळतो.

मला एका बापाने आपल्या मुलीसाठी घडवले. तो चष्म्याची भिंगे घासण्याच्या कारखान्यात कारागीर होता. मी तेव्हा काचेची जाड चकती होते आणि माझ्या कडेजवळ मोहरीएवढा बुडबुडा राहिला होता. अशा काचा तिथे फेकून देत. त्याने मला खिशात घातले आणि सोबत्यांना म्हणाला, "आमची पोरगी सारखी जमिनीला नाक लावून काहीतरी बघत असते. तिला चालेल ही."

आधी जाड पुडीने, मग बारीक पुडीने, शेवटी ओल्या लाल पुडीने त्याने मला घासले. घासणे म्हणजे झिजणे, पण झिजल्याशिवाय मला काहीच दिसले नसते. पितळेचे कडे बसवले, लाकडी मूठ लावली. मग खिडकीसमोरच्या भिंतीपुढे धरून मला मागेपुढे केले. वीतभर अंतर पडले तेव्हा भिंतीवर नखाएवढी खिडकी उमटली. गज, आभाळ, सगळे स्पष्ट, पण उलटे.

"ही याची वीत," तो मुलीला म्हणाला. "जवळची वस्तू या वितीच्या आत धर, मोठी दिसेल. लांबचं बघायचं असेल तर हात पूर्ण लांब कर, सगळं उलटं दिसेल, पण लख्ख. आणि डोळा बरोबर वितीवर ठेवलास तर?"

"तर काय?"

"तर नुसतं धुकं. आपल्याला वाटतं भिंग बिघडलं. भिंग बिघडत नाही, अंतर चुकतं."

मुलगी मोठी झाली आणि कापड छपाईच्या कारखान्यात नक्षी काढू लागली. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे. सुट्टीच्या दिवशी ती सकाळची बस पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत जाई. पिशवीत पाणी, पाव आणि मी. कागद कधीच नसे. "कागद नेला की डोळे आळशी होतात," असे ती म्हणे. एका सहलीत एकच वस्तू बघायची, पोटभर बघायची, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन डोक्यात जे उरले असेल तेच काढायचे, अशी तिची रीत होती.

बापही सोबत येई. त्या दोघांबरोबर मी खडकावरचे राखाडी दगडफूल पाहिले, जुन्या पुलाच्या गंजाचे पापुद्रे पाहिले, मेलेल्या चतुर किड्याच्या पंखातले चौकोन पाहिले. एकदा आटलेल्या तळ्यात ती सुकलेल्या चिखलाच्या भेगांपुढे इतका वेळ बसून राहिली की बाप वैतागला.

"अख्खं तळं पडलंय समोर, आणि ही बया एका ढेकळापुढे ठाण मांडून!"

"बाबा, तळं सगळ्यांनाच दिसतं."

"आणि भूक? ती मला एकट्यालाच दिसते वाटतं?"

त्या भेगांची चादर निघाली आणि ती घरोघरी गेली. लोक रोज चिखलावर झोपत होते आणि त्यांना पत्ताही नव्हता. मला त्याची फार गंमत वाटे. ते माझे सुखाचे दिवस होते. मऊ कापडाने रोज पुसले जाई, लोकरी पिशवीत ठेवले जाई.

मग एका सकाळी बाप दाढी करता करता आरशासमोरच खाली बसला. डावे अंग गेले. दवाखान्यातून तो घरी आला तो खाटेवरच. त्याची बहीण, म्हणजे मुलीची आत्या, दिवसा त्याचे करायला राहायला आली. मुलगी कामावरून येई, त्याला कुशीवर वळवी, पाठ पुसे, जेवू घाली. सुट्टीच्या दिवशी आत्याला विश्रांती म्हणून सगळेच ती करी. बस तिच्याशिवाय जाऊ लागली. मी पिशवीसकट खुंटीवर लटकले.

डोळ्यांना काही नवे मिळेना, तसा हात जुने तेच काढू लागला. कारखान्यातल्या साहेबांनी तिचा कागद बघून परत सरकवला. "हे मागचंच तळं आहे. फक्त रंग बदललाय. घरचं मी समजू शकतो, पण पडदे विकत घेणारे समजून घेत नाहीत."

हे तिने बापाला सांगितले नाही, फक्त आत्याच्या कानावर घातले. पण खाटेवरच्या माणसाला घरातले सगळे ऐकू येते, न बोललेलेही.

एका सुट्टीच्या दुपारी त्याने आत्याकडे मला मागितले. उजवा हात अजून चालत होता. त्याने तो खिडकीकडे सरळ लांब केला आणि माझ्यातून बघत बसला. मग हाक मारली, "अगं ए, इकडे ये! आपल्या गल्लीत सगळे डोक्यावर चालतायत."

"त्यात नवीन काय?" आत्या आतून म्हणाली. "ते आधीपासून तसेच चालतात."

मुलगी आली. तिने खाटेवर त्याच्या उशीला डोके टेकवले, डोळा त्याच्या डोळ्याजवळ आणला आणि माझ्यात पाहिले. खाली आभाळ होते. त्यात विजेचा खांब वरून खाली रुतलेला होता, तारांना कावळे लोंबकळत होते. दूधवाल्याची सायकल छतावरून गेली. हातगाडीखाली झोपणारे तपकिरी कुत्रे आता हातगाडीच्या वर, हवेत झोपले होते.

"आजची सहल," बाप म्हणाला. "शेवटचा थांबा. उतरा."

ती खूप दिवसांनी हसली. त्यानंतर रोज संध्याकाळी कामावरून आली की ती उशीला डोके लावी आणि दोघे गल्ली बघत. कोण गेले, कोण थांबले, कोणाची पिशवी फाटली. पुन्हा कागद नाही. कागद दुसऱ्या दिवशी.

अशी ती नक्षी झाली. खिडकीचे गज आणि गजांपाशी कुंड्या, सरळ. मधे मधे एकेक गोल, म्हणजे मी. आणि प्रत्येक गोलात गल्ली, उलटी. तिने नक्षी बापापुढे धरली. त्याने बराच वेळ पाहिली.

"कुत्रं कुठाय?"

"कुत्रं नाही काढलं बाबा. नक्षी पुन्हा पुन्हा छापतात. एक कुत्रं काढलं तर पडदाभर टोळी होईल."

"कुत्र्याशिवाय कसली गल्ली! बरं. छापून येऊ दे. मग बघू वर जायचं."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिला दाराबाहेर नेऊन सांगितले की आता फार वाट बघू नका. तेव्हापासून घरात एकच घाई सुरू झाली. साहेबांनी नक्षी पसंत केली होती. पण तिला साहेबांची पर्वा राहिली नव्हती. कापड छापून यावे आणि बापाचे डोळे मिटण्याआधी या खिडकीला लागावे, एवढेच तिला हवे होते. रोज संध्याकाळी बाप विचारी, "आलं का?" रोज ती म्हणे, "येतंय बाबा." मधल्या दिवसांत त्याचा उजवा हातही आखडत गेला. कोपर सरळ होईना. तो मला उशीशी नुसता धरून ठेवी.

आता छपाईत काय झाले ते ऐका. नक्षीचे भाग चौकटीत ताणलेल्या वेगवेगळ्या जाळ्यांवर घेतात आणि त्यांतून रंग गाळून एकावर एक छापतात. गज-कुंड्यांची जाळी वेगळी, गोलांची वेगळी. वरची बाजू कोणती हे कळावे म्हणून प्रत्येक कागदामागे बाण काढायची पद्धत असते. छपाईच्या मास्तरांनी पाहिले की गोलांच्या कागदावर आभाळ खाली आणि बाण मात्र वर. त्यांना तिच्या घरचे माहीत होते. त्यांचा जीव कळवळला. जाळी फिरवून पाहिली, गोल जागच्या जागी बसले. त्यांनी कुणाला काही न सांगता गल्ली सरळ करून टाकली.

कापडाचा तुकडा तिच्या हातात देताना ते हळूच म्हणाले, "ताई, बाण उलटा पडला होता तुमचा. घरी एवढं चाललंय, होतं असं. मी गुपचूप नीट करून घेतलं. साहेबांपर्यंत जाऊ दिलं नाही."

तिने कापड उलगडले. सगळे तागे छापून झाले होते. मास्तर कौतुकाची वाट बघत उभे होते.

"आभारी आहे, मास्तर," ती म्हणाली.

हे मला कसे कळले? घरी येऊन तिने हेच आत्याला, भांड्यांच्या आवाजात, दबक्या स्वरात सांगितले. "भलं करायला गेला तो बिचारा," ती म्हणाली. आत्या म्हणाली, "त्याला सांगू नकोस. एवढंसं त्याला काय कळणार आहे?"

"आत्या, आयुष्य भिंगं घासण्यात गेलंय त्यांचं."

ती कापड घेऊन आली. पडद्याला अजून शिवण नव्हती. ती खिडकीपाशी स्टुलावर चढली आणि दोन्ही हात ताणून कापड उजेडासमोर धरले. मावळतीचा प्रकाश त्यातून आला आणि गज, कुंड्या, गोल उजळून निघाले.

बाप बघत राहिला. मग म्हणाला, "गल्ली सरळ आहे."

"हो बाबा. छापणाऱ्यांनी... त्यांना वाटलं माझं चुकलं."

"होय?" तो म्हणाला. आवाज आता पुटपुटण्याएवढाच उरला होता. "मग त्यात काय? भिंग आहे ना. भिंगातून बघतो, पुन्हा उलटी होईल."

त्याने मला उचलले. त्याने हात पुढे नेला. कोपर अर्ध्यावर अडले. त्याने जोर केला, कपाळावर शीर उठली, कोपर हलले नाही. मी त्याच्या डोळ्यापासून बरोबर वीतभर अंतरावर थांबले.

तिथे काय दिसते ते त्यानेच एकदा सांगितले होते. माझ्यात धुके होते. कापडाचा पिवळसर उजेड, दुसरे काही नाही. गज नाहीत, गोल नाहीत, गल्ली नाही. हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हते. ज्याने माझी वीत मोजली त्याला आता ती ओलांडता येत नव्हती.

"दिसतंय का बाबा?"

"दिसतंय तर! अगदी तसंच. आभाळ खाली, खांब वर. कावळे... आणि ते बघ, कुत्रं पण झोपलंय गाडीवर."

खिडकीपाशी कापड किंचित खाली आले. मग पुन्हा वर ताणले गेले.

"हो बाबा," ती म्हणाली. "आहेच ते तिथे."

कापड सोडले असते तर त्याला बघायला काही उरले नसते. कापड धरून ठेवले तर त्याचे कोपर धरायला कोणी नव्हते. आत्या पलीकडच्या खोलीत होती, एका हाकेवर. पण हाक मारली असती तर त्याला दिसत नाही हे आपल्याला कळले, असे कबूल करावे लागले असते. तिने हाक मारली नाही. त्यानेही मारली नाही. उजेड जाईपर्यंत ती हात ताणून उभी राहिली आणि तो धुके बघत तिला गल्ली सांगत राहिला.

दोन दिवसांनी तो गेला.

ते पडदे खूप खपले, सरळ गल्लीचेच. साहेबांनी तिचे कौतुक केले आणि मास्तरांनी सगळ्यांना सांगितले की आपण वेळेवर लक्ष दिले म्हणून काम वाचले. तिने ते कोणाला खोडून सांगितले नाही. आमच्या खिडकीला मात्र तो पडदा नाही. तो तुकडा घडी करून कुठेतरी ठेवला आहे.

आता सुट्टीच्या दिवशी ती मोकळी असते. एकदा ती सकाळची बस धरून शेवटच्या थांब्यापर्यंत गेलीही. मला सोबत घेतले होते. नदीच्या कोरड्या पात्रात ती एका मोठ्या दगडावर बसली. तिच्या पायांशी वाळूत पाण्याने काढलेल्या रेघा असणार, किड्यांची भोके असणार. तिने पिशवीत हात घातला, माझी मूठ चाचपली आणि पाव काढून घेतला. घरी आल्यावर मला पिशवीतून काढून ओट्यावर ठेवले ते तिथेच. आत्याने गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचायला मला घेतले आणि मग या कप्प्यात टाकले. सुरीने माझ्या पाठीवर ओरखडे काढले आहेत. कारखान्यात ती पुन्हा जुन्या तळ्याच्या भेगा काढते, असे कानावर येते.

मित्रांनो, काचेवर ओरखडे पाडू नका, मऊ कापडाने पुसा, हे कोणतेही भिंग तुम्हाला सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. अंथरुणावरचे माणूस "दिसतंय" म्हणाले तर एकदा त्याच्या उशीला डोके टेकवा आणि तिथून स्वतः बघा. धुके दिसले तर त्याचे कोपर धरून हात थोडा लांब करा. आणि तुमचे दोन्ही हात गुंतलेले असतील तर लाजू नका, पलीकडच्या खोलीत हाक मारा. मला फक्त आणखी हातभर अंतर हवे होते.