दुसरी लाट पोचायच्या आत

जेवण करून नुकती जागेवर बसले होते, तेवढ्यात पडद्यावरची सगळ्यात वरची रेघ पिसाळली. डोंगरातल्या आमच्या भूकंपमापक यंत्राची ती रेघ. शेजारून ट्रक गेला तरी ती थरथरते, म्हणून मी आधी ट्रकवाल्याला शिवी घातली. मग तिच्याखालची रेघ हलली, मग तिच्याही खालची. ओळीने सगळ्या हलल्या की ट्रक नसतो.

"साहेब, प्रस्तरभंग सुटला!" मी ओरडले. साहेबांनी रेल्वेला आणि वीजघरांना इशारा धाडणारं बटण दाबलं. शहरांमध्ये भोंगे अजून बसायचेत. ते दरवर्षी पुढच्या वर्षी बसतात.

प्रस्तरभंग म्हणजे जमिनीच्या पोटातली भेग. दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना रेटत अडून बसलेले असतात, आणि एक दिवस झटक्यात सरकतात. त्यातून दोन लाटा निघतात. पहिली घाईची, पुढेमागे ढकलत येते, कपबश्या वाजवून जाते. दुसरी तिच्यामागून सावकाश येते, पण जमीन अशी हिसडते की घरं पाडायचं काम तिचंच. तारेतून खबर मात्र या दोघींच्याही आधी आमच्याकडे पोचते. म्हणून तर आम्हाला पगार मिळतो.

नकाशावर दोन वर्तुळं पसरत चालली होती आणि त्यांच्या वाटेत आईचं शहर होतं. जुनं तळं बुजवून वसलेलं. अशा भुसभुशीत गाळात लाट आणखी फुगते. आईचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिचे गुडघे धरलेले, आणि सोबतीला माझा धाकटा भाऊ. चांगला चाळिशीचा बाप्या, पण घरात अजून ढब्बूच. दुसरी लाट तिथे पोचायला जेमतेम मिनिटभर होतं.

मी फोन लावला.

"बोला भूकंपबाई!" ढब्बू म्हणाला. "आज कुठली जमीन हलवलीत?"

"गप्प बस! मोठा धक्का येतोय. आईला घे आणि खाली पळ!"

"आत्ता?"

"पळ म्हणते ना, मेल्या!"

त्याने फोन तसाच टाकला, चालूच. आणि मग माझ्या लक्षात आलं, मी काय बोलून बसले ते. शाळाशाळांतून घसा फोडून मीच सांगते, की बाबांनो, धक्क्याच्या वेळी जिन्याकडे धावू नका, टेबलाखाली शिरा, डोकं सांभाळा. जुन्या इमारतीत जिन्याचा काही भरवसा नसतो. लोकांच्या आयांना टेबलाखाली घालणारी मी, स्वतःच्या आईला जिन्यावर पाठवत होते.

"ढब्बू! जाऊ नका! टेबलाखाली शिरा!" मी किंचाळले. तिकडे टीव्ही चालू होता, कोण ऐकणार? टीव्हीच्या आवाजातून आईचा आवाज आला.

"गाऊनवर येऊ? सगळ्या बिल्डिंगसमोर? आधी साडी नेसते."

"आई, साडी कसली नेसतेस! चल!"

"हात सोड माझा. दुखतोय."

तिच्या या हट्टापायी मी आजवर किती डोकं आपटलंय, माझं मला ठाऊक. आता मी फोनपुढे हात जोडून बसले. "आई, हलू नकोस गं. कर हट्ट. हवा तेवढा कर." साहेब माझ्याकडे बघत राहिले.

मग तिकडे कपबश्या वाजल्या. पहिली लाट पोचली होती. ढब्बू काहीतरी ओरडला, दार आपटलं. नकाशावर मागचं वर्तुळ सरकत येऊन शहराला टेकलं. फोनमधून भांडी कोसळल्याचा आवाज आला, मग काय कोसळतंय ते कळेनासं झालं, आणि लाइन तुटली.

मी पुन्हा लावला. पुन्हा. पुन्हा. थोड्या वेळाने आमच्याही पायाखालची जमीन हलली. साहेब टेबलाखाली गेले आणि मला खाली ओढत राहिले. मी वाकलेसुद्धा नाही, नंबर लावत राहिले. घाईत दोनदा भलत्याच कुणाला फोन गेला.

शेवटी तिकडे घंटी वाजली. आईनेच उचलला.

"आई! बरी आहेस ना?"

"आहे गं बाई. पलंगाशेजारी पडले, तिथेच बसलेय. घरभर नुसती धूळ."

मला रडूच फुटलं. "साहेब, आई आहे! आई आहे!" मी हसत होते की रडत होते, देव जाणे. "ढब्बूला दे बघू फोन."

"तो खाली गेलाय ना. मी काही जागची हलेना, तर म्हणाला, खालच्यांना घेऊन येतो आणि तुला खुर्चीसकट उचलतो. ताई उगाच ओरडायची नाही, म्हणाला." तिला ठसका लागला. "दारातून जिनाच दिसत नाहीये गं. मघापासून हाका मारतेय, ओ देत नाही. माझा आवाज तेवढा जात नसेल. मी फोन दाराबाहेर धरते, तू हाक मार. तुझं ऐकतो तो."