वॉल्टरसाहेबांची जमीन

माझी मुलगी जान्हवी काय काम करते, असं साताऱ्याहून कुणी विचारलं की मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते. खरं सांगायला गेले तर फोनवरच कुणाला तरी ठसका लागेल. इथे कलकत्त्यात, न्यू टाउनच्या एका ऑफिसात बसून ती अमेरिकेतल्या लोकांना हरणांच्या शिकारीसाठी जमीन कुठे घ्यावी हे सांगते. आमच्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात उकडतात, आणि ही पोरगी हरीण कुठे सापडेल याचा सल्ला देते. स्वतः तिने हरीण पाहिलंय ते फक्त अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयात, तेही पाठमोरं.

नोकरी लागली तेव्हा मी काही दिवस तिच्याशी धड बोललेच नाही. "हे पाप कुणाच्या माथी?" असं एकदा विचारलं, तर म्हणाली, "आई, तिकडे हरणं इतकी झालीत की शेतं खाऊन टाकतात, गाड्यांवर येऊन आपटतात. सरकारच लायसन्स देतं. आणि मी कुठे बंदूक चालवते? मी मॅप बघते." नकाशा बघणाऱ्याला पाप लागतं की नाही, हे कुठल्या पोथीत सापडेना, तेव्हा मी तो विषय सोडून दिला.

आमचे हे, म्हणजे प्रमोद, बँकेच्या शेतीकर्ज विभागात. उभा जन्म लोकांच्या जमिनी बघण्यात गेला. भोपाळ, पाटणा, कलकत्ता, बदली होईल तिथे जायचं, बांधावर उभं राहायचं, विहिरीत डोकवायचं आणि कर्ज द्यायचं की नाही ते ठरवायचं. आता मार्चमध्ये निवृत्त होणार. पुण्याजवळ एक तुकडा घ्यावा, छोटं घर बांधावं, चार आंबे लावावेत, हे त्यांचं स्वप्न आमच्या लग्नाइतकं जुनं. पण कुठे पाणी नाही, कुठे शेजारी बरा नाही, असं करत दर वेळी राहून जायचं. या वेळी मात्र मुळशीकडचा एक प्लॉट त्यांच्या मनात भरला होता. श्रीकांत नावाचा एजंट रोज त्याचे फोटो पाठवायचा, आणि येत्या रविवारी त्याला होकार कळवून विसार द्यायचा, असं ठरलं होतं.

आणि मला जायचं नव्हतं.

आता माझी पंचाईत बघा. प्रत्येक बदलीला डोळ्यांतून पाणी काढत "कधी एकदा आपल्या माणसांत जाऊ" म्हणणारी मीच. उद्या निघायचंच आहे, म्हणून जड फर्निचर घेऊ न देणारी मीच. डमडमच्या या भाड्याच्या घरात आजही आमचं कपाट पत्र्याचं आहे. अशा बाईनं कुठल्या तोंडानं म्हणायचं, की मला इथंच राहू द्या? हे कधी झालं ते माझं मलाच कळलं नाही. आधी भाजीवाला मी न सांगता केळफूल सोलून ठेवायला लागला. मग समोरची कालिंदीदी रोज संध्याकाळी चहाला यायला लागली, आणि एक दिवस ती आली नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. गेल्या दुर्गापूजेला तर पाड्यातल्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या, बायकांनी भोगाच्या खिचडीचं मीठ बघायचं काम माझ्याकडे दिलं. बंगाल्यांनी मराठी बाईवर मीठ सोपवणं ही काही लहानसहान गोष्ट नाही. पुण्याजवळ मला कोण ओळखतं? दोन नणंदा, त्याही तोंडावर गोड.

तर त्या आठवड्यात जान्हवीकडे वॉल्टर नावाचे एक गृहस्थ आले होते. आले होते म्हणजे कॉम्प्युटरवर. अमेरिकेत मिसुरी म्हणून राज्य आहे, तिथले. पोस्टातून निवृत्त झालेले, आणि आता आयुष्यात पहिल्यांदा शिकारीपुरती स्वतःची जमीन घ्यायला निघालेले. त्यांची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ, त्यामुळे जान्हवी आमच्या जेवणाच्या टेबलावरूनच त्यांच्याशी बोलायची. तीन जमिनी निवडल्या होत्या, त्यातली एक ठरवायची होती.

जमीन हा शब्द कानावर पडला आणि आमचे हे कुठले गप्प बसतात! चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे येऊन उभे.

"ही पहिली घ्यायला सांग. सपाट, हिरवंगार गवत, मधोमध तळं, डांबरी रस्ता दारात. मी डोळे मिटून कर्ज दिलं असतं."

"बाबा, रस्ता दारात म्हणजे गाड्यांचा आवाज. हरीण थांबणारच नाही."

"मग ही टेकडीवाली? झाडी चांगली आहे."

"तिच्या चारी बाजूंना शिकारीच आहेत. तिथलं हरीण दिवसा बाहेरच पडत नाही."

"आणि ही तिसरी? ही फुकट मिळाली तरी कुणी घेणार नाही. अर्धी दलदल, अर्धं काटेरी रान, ओढा हा असा वाकडातिकडा. आत शिरायला धड वाट नाही."

"मला तीच आवडते," जान्हवी म्हणाली.

ह्यांनी कप टेबलावर आपटला. मग तिने समजावून सांगितलं. लपायला काटेरी झुडपं, प्यायला ओढा, खायला शेजाऱ्याच्या शेतातला मका. शिवाय वारा बहुतेक दिवस ओढ्याकडून माणसाच्या अंगावर येतो, म्हणजे माणसाचा वास हरणापर्यंत पोचत नाही. "वास्तुशास्त्रच की हे," मी पोळी लाटता लाटता म्हटलं. ह्यांना मात्र हसू आलं नाही. जी जमीन त्यांनी नापास केली असती ती इथे पहिल्या नंबरात, आणि त्यांची पहिल्या नंबराची सपशेल नापास. अख्ख्या नोकरीत त्यांचा शब्द कुणी असा खोडला नव्हता.

मग रोज सकाळी हा तमाशा सुरू झाला. हे आंघोळ करून, भांग पाडून टेबलाशी हजर. जणू वॉल्टरसाहेबांना कर्ज ह्यांच्याच शाखेतून जाणार होतं. त्यातून वॉल्टरसाहेबांनाही पहिलीच जमीन आवडली होती. तळ्याकाठी खुर्ची टाकून बसावं, संध्याकाळ बघावी, असं त्यांच्या मनात. जान्हवीने हे सांगितल्यावर ह्यांना केवढा आनंद! "बघ, माणसाला कळतंय. तू उगाच त्याच्या डोक्यात काटे भरू नकोस." आणि मग माझ्याकडे वळून, "आपल्या मुळशीलासुद्धा मागच्या बाजूला तळं आहे हं, मंजुषा. श्रीकांत म्हणत होता, तुझी खुर्ची तिथे टाकू."

रविवार जवळ येत होता, आणि माझं तोंड काही उघडत नव्हतं. एकदा कालिंदीदीला सांगून बघितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतेस? दादांना सांग." बरोबरच होतं तिचं.

शनिवारी सकाळी फोटो आले. शिकारीच्या जमिनीत झाडांना छोटे कॅमेरे बांधून ठेवतात. जनावर पुढून गेलं की आपोआप फोटो निघतो. जान्हवीने तिन्ही मालकांकडून ते मागवून घेतले होते. वॉल्टरसाहेब तिकडे, आम्ही इकडे, आणि पडद्यावर एकामागून एक हरणं. मी कणीक मळता मळता मान वळवून बघत होते.

पहिल्या जमिनीवर हरणं होती, नाही असं नाही. पण सगळी जाता जाता टिपलेली. कान टवकारलेले, मान रस्त्याकडे, एक पाय उचललेला. एकही बसलेलं नाही. मग तिसरी जमीन लागली. काट्यांच्या जाळीत एक हरिणी अंग मुडपून झोपलेली, पोटाशी पाडस. दुसऱ्या फोटोत तीच, त्याच जागी. नंतरच्या फोटोत पाऊस पडतोय, तरी तिथेच.

"एवढं मऊ गवत सोडून ही बया काट्यांत का झोपते?" ह्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"तिला तिथे बरं वाटतं, बाबा. रोज तिथेच येते. जमीन आपल्याला कशी दिसते ते नाही बघायचं. तिथे राहणार कोण, ते बघायचं."

"अगं, त्या गवतात नेऊन सोडली तर राहील की. सवय होते."

"नाही राहणार," मी म्हणाले.

दोघांनीही वळून माझ्याकडे बघितलं.

"तुला काय माहीत?" हे म्हणाले.

"मला माहीत आहे. मी पण नाही राहणार. मला मुळशीला यायचं नाहीये."

कॉम्प्युटरमधून वॉल्टरसाहेबांचा आवाज आला, काही झालं का, असं विचारत असावेत. जान्हवीने कॉम्प्युटर उचलला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. समजूतदार पोरगी आहे.

"मग इतकी वर्षं रडत कोण होतं?" ह्यांचा आवाज चढला.

"मीच. आता नाही रडत."

"आणि हे मला आज सांगतेस? उद्या विसार द्यायचा असताना?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं बघत होतात, माझी जीभच रेटेना."

"मी काय माझ्यासाठी बघत होतो? मी तुझ्यासाठी..." म्हणता म्हणता हे थांबले. खुर्चीत बसले. "नाही. खोटं कशाला बोलू. मलाच हवं होतं."

"काय हवं होतं तिथे? आंबे?"

"आंबे गेले खड्ड्यात," हे म्हणाले. मग टेबलावरचा कणकेचा गोळा उगाच दाबत राहिले. "मला मराठीत बोलायचंय गं. दुकानात, बसमध्ये, रस्त्यात, कुणाशीही. ऑफिसात हिंदी नाही तर इंग्रजी. बाजारात बंगाली, तेही असं की पोरं हसतात. जान्हवी माझं अर्धंच ऐकते, कारण अर्धंच कळतं तिला. आपल्या भाषेत एखादं कडाक्याचं भांडण करून किती वर्षं झाली! इथे भांडायला जावं, तर शब्द सुचेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो."

मला हसू आलं. लग्नात माझ्या मामाशी जेवणाच्या पंगतीवरून वाद घालून त्याला निरुत्तर करणारा माणूस हा. कलकत्त्याला आल्यावर हळूहळू गप्प होत गेला, आणि मी समजत होते वयानं शांत झालाय. मी इथे खिचडीचं मीठ मिळवलं, त्यांच्या हाताला तसं काहीच लागलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तरीही मला जायचं नव्हतं, आणि तेही मी त्यांना सांगितलं.

"माझ्याशी भांडा ना हवं तेवढं," मी म्हटलं.

"तुझ्याशी काय भांडायचं? तूच जिंकतेस."

तेवढ्यात दार उघडून जान्हवी बाहेर आली. वॉल्टरसाहेबांनी तिसरी जमीन घ्यायचं ठरवलं होतं. त्यांच्या बायकोनेच फोटो बघून सांगितलं म्हणे. ह्यांनी "मूर्ख माणूस" एवढंच म्हटलं आणि पेपर उघडला. दिवसभर मुळशीचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर ह्यांनी फोन उचलला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. काय ठरवलंय ते मला सांगितलेलं नव्हतं, आणि मला विचारायचा धीर नव्हता.

"श्रीकांतराव, नमस्कार. नाही हो, जमणार नाही. आमच्या मंडळींना इथंच राहायचंय. हो, कलकत्त्यातच. त्याला काय करणार?"

मी दाराची चौकट धरली. वाटलं आता फोन ठेवतील. पण तिकडून श्रीकांतने काहीतरी विचारलं, आणि हे खुर्चीत सैल होऊन बसले. तुमचं मूळ गाव कुठलं, तिकडे पाऊस कसा आहे, घाटातला रस्ता झाला का, तुमच्या आळीतले कुलकर्णी आमच्या लांबचे. मग प्लॉटच्या भावावरून दोघांची जुंपली. "अहो, कुणाला उल्लू बनवताय? त्या खडकात कुदळ तरी शिरेल का?" ह्यांनी मांडीवर थाप मारली. न घ्यायच्या जमिनीचा भाव हे असे तावातावाने पाडत होते, आणि एकही शब्द अडत नव्हता. तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

श्रीकांतराव दोनदा "बरं, ठेवतो" म्हणाले, ते मलाही ऐकू आलं. ह्यांनी ठेवू दिलं नाही. भाताची वेळ होऊन गेली होती. तांदूळ धुऊन कुकरमध्ये घातले, झाकण लावलं, पण शिट्टीनं त्यांचं बोलणं तुटेल म्हणून मी गॅस पेटवलाच नाही.