जर्मनची ताटली

"हे कारलं, हे वांगं, ही भेंडी. समदं एकाच भांड्यात, आई! फोडणी न्हाई, मसाला न्हाई."

प्रणिता मोबाइलमधला फोटो आईच्या नाकापुढं धरून सांगत होती. दीड वर्षाने फिलिपिन्सच्या डॉक्टरकीच्या कॉलेजातून वीस दिवसांच्या सुट्टीला दिंद्रुडला आलेली पोर. तिच्या तोंडाला जेवायचीही उसंत नव्हती.

शांतादेवी कौतुकाने ऐकत होत्या. त्यांचा स्वतःचा प्रवास म्हणजे माहेर धर्मापुरी ते सासर दिंद्रुड. मैत्रिणींबरोबर हिंडणं त्यांच्या जन्मात नव्हतं. लेक मात्र कॉलेजातली मैत्रीण ऋतुजा आणि आणखी दोघींसोबत उत्तरेला इलोकोस नावाच्या मुलखात जाऊन आली होती.

"तिथं रस्त्यावर करंजीसारखं तळून देत्यात. आत अंडं अन् डुकराचं मटण. पोरींनी ताव मारला, म्या हात लावला न्हाई. मग खानावळीतल्या आजीनं ही भाजी दिली. पिनाकबेट म्हनत्यात. कारलं बघूनच रडू आलं मला. दोनदा मागून खाल्लं. मागनं कळलं, मासे मिठात मुरवून त्याचा रस घालत्यात त्यात."

घडलं तसं तिने सांगून टाकलं. लपवायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

तिच्या वडिलांचा, भीमाशंकरअप्पांचा हात ताटातच थांबला. गावात किराण्याचं दुकान, गळ्यात लिंग, घराच्या उंबऱ्यातून कधी अंडंसुद्धा आत न आलेलं.

"कळल्यावर तरी ओकलीस का न्हाई?"

"पोटात गेलतं, अप्पा. अन् खोटं कावून सांगू, चव लई चांगली व्हती."

चुकलं म्हणाली असती तर कदाचित निभावलं असतं. अप्पा ताटावरून उठले. "स्वामी येऊन शुद्ध करीपर्यंत हिनं चुलीकडं पाऊल टाकायचं न्हाई. ताट बी येगळं."

मठाचे स्वामी कर्नाटकात गेले होते. महिनाभर यायचे नव्हते.

थोरला मुलगा केदारनाथ खाली मान घालून जेवत होता. दर बुधवारी तो माजलगावच्या मोंढ्यात माल आणायला जाई आणि ढाब्यावर मटण हाणून येई. घरात शिरण्याआधी मूठभर बडीशेप. बाहीवरचा रश्श्याचा डाग शांतादेवीच लिंबू चोळून काढत. गावाला ठाऊक होतं, अप्पांनाही. शांतादेवींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने शांतपणे भाकरी मोडली. त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्यांचा जन्म गेला होता. त्या गप्प बसल्या, आणि गप्प बसल्याची त्यांना लाज वाटली.

माळ्यावरची जुनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली त्यांनीच काढली. ओसरीवर बसलेल्या लेकीच्या ताटलीत त्या वीतभर वरून भाकरी टाकत.

"आई, तू तरी जरा जवळून वाढ की."

"अप्पा बघत्यात गं."

पुन्हा तिने म्हटलं नाही. उरलेले सगळे दिवस ती ओसरीवर जेवली, ताटली घासून भिंतीला उभी करून ठेवत राहिली. ती गेल्यावर झाडताना शांतादेवींना ताटली कुठं दिसेना.

दोन आठवड्यांनी, बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"स्वामी आलते गं परवा," शांतादेवी म्हणाल्या. "आता काही अडचण न्हाई. ती ताटली बघितलीस का कुठं?"

"मी आणली संगं. पुन्हा माळ्यावरून काढायची पाळी नको तुझ्यावर."

"पुढल्या सुट्टीला येशील न्हवं?"

"बघू, आई. आम्ही चौघी पुन्हा तिकडं इलोकोसलाच जायचं म्हनतोय."

फोन ठेवला तोच केदार माजलगावहून आला. पोट भरलेलं होतं, तरी रिवाजापुरते दोन घास खायला तो अप्पांच्या शेजारी येऊन बसला. शांतादेवींनी त्याचं पितळी ताट नेहमीच्या जागी मांडलं.

"शर्ट काढून ठेव रे," त्या म्हणाल्या. "मटणाच्या रश्श्याचा डाग हाय बाहीला. वाळला की निघत न्हाई."

एवढ्या वर्षांत हे त्या पहिल्यांदाच अप्पांच्या देखत बोलल्या. अप्पांनी मान वर केली नाही.

"कढी वाढ," ते म्हणाले.

शांतादेवींनी कढी वाढली. आधी अप्पांना, मग केदारला. ताटाला पळी टेकवून, जवळून.