दोन मिनिटांचं भाषण

गंधालीचं सीनियर केजी संपलं की मी बोरीवलीला माझ्या घरी परत जायचं, हे मी दिवाळीतच ठरवलं होतं. उत्तराला सांगायचं मात्र राहून जात होतं. संध्याकाळी ती ऑफिसातून यायची, तिचा चेहरा बघून वाटायचं, आज नको, उद्या सांगू. उद्याही चेहरा तोच असायचा. असा मार्च उजाडला.

उत्तरा माझी मुलगी, गंधाली तिची मुलगी. जावई सुशांत जहाजावर, सहा-सहा महिने घरी नसतो. तिला कंपनीत वरची जागा मिळाली आणि त्याच सुमारास, गेल्या जूनमध्ये, गंधाली सीनियरला गेली, म्हणून मी कपड्यांची बॅग आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन मुलुंडला आले. शाळा पाच मिनिटांवर आहे, असं उत्तरा म्हणाली होती. तिच्या पायांनी असेल. सकाळी पोरीला उठवायचं, वेण्या, डबा, दप्तर, शाळा. पुन्हा दुपारी गेटवर इतर बायकांबरोबर उन्हात उभं राहायचं. हे मी उत्तराच्या प्रेमाने केलं, गंधालीच्याही. पण प्रेमाने केलं म्हणून माणूस दमत नाही, असं थोडंच आहे?

आता या शाळेत केजी संपलं की पदवीदान असतं. पाच-सहा वर्षांच्या पोरांना काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालतात. यंदा प्रत्येक मुलाच्या आईने किंवा वडिलांनी स्टेजवर येऊन मुलाच्या या वर्षाबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं. रविवारी दुपारी गंधाली खाली खेळायला गेली आणि उत्तरा लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली.

"सुरुवात माझ्या बालवर्गापासून करते," ती म्हणाली. "तू चपला ठेवून जायचीस, तिथून."

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ. बोरीवलीला सोसायटीच्या हॉलमध्ये बालवर्ग भरायचा. पहिले काही दिवस पोरं रडून हॉल डोक्यावर घेत. मग बाईंनी युक्ती काढली. आणणाऱ्या बाईने आपल्या चपला दारात, पोराला दिसतील अशा काढून ठेवायच्या आणि मागच्या दाराने घरी जायचं. चपला आहेत म्हणजे आपलं माणूस इथेच आहे, म्हणून पोर गप्प.

"मी नाही गं, तुझी आजी," मी म्हटलं.

उत्तराने वर बघितलं. मी तिला सांगितलं, की मी तेव्हा टेलिफोन खात्यात होते, सकाळची पाळी. तिला न्यायच्या-आणायच्या त्या माझ्या सासूबाई, जानकीबाई. तापलेल्या डांबरावरून अनवाणी घरी यायच्या. मी एकदा म्हटलं, दुसरा जोड घेऊन जा, तर म्हणाल्या, "पोर चपलो बघून गप रवता ना? मगे माझे पाय भाजले तर भाजले." मी ही गोष्ट कधी माझ्या नावावर सांगितली नव्हती. उत्तरानेच लहानपणी केव्हातरी आजीच्या जागी मला उभं केलं आणि ते तसंच राहिलं.

"मग तुला माझ्या बालवर्गातलं काय आठवतं?"

"आजी जे सांगायच्या ते."

ती थोडी हसली. मग तो विषय सोडून तिने मोबाइल काढला. वर्षभराचे फोटो तिच्याकडे आहेत, आयांच्या ग्रुपवर येतात. म्हणाली, फोटो बघत बघत लिहू.

पहिला फोटो यलो डेचा. पिवळा फ्रॉक, दात दाखवून हसणारी गंधाली. मी सांगितलं, की फोटोच्या आधी तिला चड्डीत शू झाली होती, आतली निळी चड्डी शाळेतली आहे, दुसऱ्या दिवशी मी धुऊन परत दिली. उत्तराला हे ठाऊक नव्हतं. दुसरा फोटो फॅन्सी ड्रेसचा, गाजर. चार ओळी पाठ केल्या होत्या. स्टेजवर जाऊन म्हणाली, मी गाजर आहे, माझ्या आजीला गाजर आवडत नाही, आणि उतरली. उत्तरा खूप हसली. मीही हसले.

मग डिसेंबरातला, नुसताच वर्गातला फोटो. त्या दिवसांत गंधाली शाळेत बोलायचीच बंद झाली होती. टीचरने मला गेटवर थांबवून सांगितलं होतं. मी त्या संध्याकाळी उत्तराला सांगितलं, तर तिचं ऑडिट चालू होतं, "बघते" म्हणाली आणि फोन वाजला.

"मग बोलायला कशी लागली?"

वर्गात मध्येच एक नवा मुलगा आला होता, मिहिर नावाचा. आई, आई करून रडत होता. गंधाली महिनाभर तोंड मिटून बसलेली, ती उठून त्याच्याजवळ गेली. काय बोलली ते टीचरने मला जसंच्या तसं सांगितलं.

"काय म्हणाली?"

सांगावं की नाही असं झालं. पण तिने विचारलं होतं.

"म्हणाली, आई येत नसते. आजी येते. पण येते."

उत्तराने लॅपटॉप मिटला. खालून पोरांचा ओरडा येत होता. मग ती म्हणाली, "स्टेजवर तूच बोल, आई. वर्ष तुझं आहे."

हीच वेळ, असं मला वाटलं. नंतर माझ्याच्याने होणार नव्हतं.

"मी नाही बोलणार," मी म्हटलं. "मी दमलेय, उत्तरा. शाळा संपली की मी बोरीवलीला जाणार आहे. राहायला."

"आणि पहिलीला?"

"पहिलीला तू."

ती चिडेल असं वाटलं होतं. वाट लागेल माझी, आत्ता सांगतेस होय, असं म्हणालीही. सुशांत नाही, बॉस असा, पाळणाघरं कशी असतात तुला माहीत नाही, सगळं बोलून झालं. मी ऐकून घेतलं. माझं ठरलेलं मात्र बदललं नाही. शेवटी तीही थकली. सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, अगदी शाळेतून आल्यावर बसायची तशी.

मग तिने विचारलं, "डब्यात ती काय संपवते?"

"तूप-साखरेची पोळी. गुंडाळी करून. भाजी वेगळी दिलीस तर परत येते."

"बसते कुणाजवळ?"

"त्या मिहिरजवळच. तो तिची पोळी खातो, म्हणून एक जास्त द्यायची."

"मी न्यायला गेले तर चालेल तिला?"

"पहिल्या दिवशी माझ्याबद्दल विचारेल. विचारू दे."

ती एकेक विचारत गेली, मला माहीत होतं तेवढं मी सांगत गेले. वेण्या कुठल्या बाजूने आधी घातलेल्या आवडतात, कुठल्या बाईला घाबरते, खोटं बोलताना कुठे बघते. सांगता सांगता माझे डोळे मिटायला लागले. गुडघाही ठणकत होता.

"आणि घरी येताना रस्त्यात काय बोलता तुम्ही दोघी?"

"ते मी नाही सांगायची," मी म्हटलं. "ते तूच तिला विचार." आणि आत जाऊन पडले.