चहाच्या वासाचा नकाशा

गेला आठवडाभर आमची ताई भलतीच संशयास्पद वागत होती. स्वयंपाकघराचं दार आतून बंद, चहापत्तीचा डबा तळाला गेलेला, आणि काहीही विचारलं की एकच शब्द, "कशावरून?" शिक्षिका व्हायला निघाल्यापासून तिला या शब्दाची लागणच झाली होती. आई म्हणाली, "भाजी खारट झालीय." ताई म्हणाली, "कशावरून?" आईने नुसतं बघितलं. तेवढं पुरलं.

मला मात्र धाकधूक होती. मागच्या सराव पाठात ताई नापास झाली होती. परीक्षक बाईंचा शेरा होता, 'माहिती सांगितली, विचार करायला लावला नाही.' आताचा पाठही फसला तर वर्ष बुडणार. आणि पाठ नेमका आमच्याच वर्गावर!

पाठाच्या दिवशी परीक्षक बाई शेवटच्या बाकावर बसल्या. ताईने एक पिवळट, कडा जळालेला कागद वर्गात फिरवला. "आपल्या गावाचा नकाशा, रेल्वे येण्याआधीचा. बाजार नदीपासून लांब, उंचावर का बरं?"

"पुराच्या भीतीने!" कोणीतरी ओरडलं. ताई खूश.

कागद माझ्या हातात आला. मी हुंगला. चहा! मग डोळे बारीक करून बघितलं. रूळ कुठेच नाहीत, पण एका रस्त्यावर ऐटीत लिहिलेलं, 'स्टेशन रोड'.

बोलावं तर ताईची वाट लागणार. गप्प बसावं तर माझं डोकं फुटणार.

"ताई, म्हणजे... बाई, हा नकाशा खोटा आहे."

मागे परीक्षक बाईंचं पेन थांबलं. ताईचे कान लाल झाले. घरी थाप पकडली गेली की होतात, अगदी तसेच.

"कशावरून?" तिचा आवाज जरासा कापला.

"रेल्वेच नाही, तर स्टेशन रोड कुठून आला? गाडी येईल या आशेवर बांधून ठेवला?"

वर्ग खदखदून हसला आणि कागदावर तुटून पडला. शाई कोरी करकरीत आहे! वास चहाचा आहे, त्यातच बुडवून जुना केलाय! "मग बाजाराचं उत्तरही खोटं का?" एकीने विचारलं.

"ते कसं तपासशील?" ताईचा आवाज आता सावरला होता.

"आजही पुराचं पाणी कुठवर चढतं, ते बघून!"

तास संपला तरी भांडण चालूच होतं. निघताना परीक्षक बाई ताईकडे बघून हसल्या. "चूक मुद्दाम पेरलीत, छान केलंत. पास."

घरी जाताना मी ताईला गाठलं. "खरं सांग, स्टेशन रोड मुद्दाम लिहिलास?"

"म्हणजे काय! मुद्दामच."

मी तिच्या कानांकडे बघितलं. लालभडक.