मोहरीबाबांच्या वाटीतले डोळे

गणपती दूध प्यायला, त्याच साली थंडी सरताना नगर जिल्ह्यातल्या बेलापुरात सहादेवच्या अंगणात सगळा गाव लोटला होता. स्पीकर होता, चहा होता, पेढे होते आणि मधोमध मोहरीबाबा होते. सहादेवची म्हैस आटली होती. नजर कोणाची, ते बाबा मोहरीवर सांगणार होते. दृष्ट म्हटली की मोहरी, यात आमच्याकडे कोणाला शंका नसते. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. तरी पेढे मीही दोन खाल्ले.

घरातल्या चार बायकांपुढे पाण्याच्या वाट्या मांडल्या. बाबा कमरेच्या बटव्यातून मोहरीची चिमूट काढत, वाटीत सोडत आणि संस्कृत, हिंदी, नगरी अशी मिसळ पुटपुटत. मग पंधरा मिनिटं भजन झालं. तीन वाट्यांतले दाणे मुकाट पडून राहिले. चौथीत मात्र प्रत्येक दाण्याभोवती काचेसारखा गोळा आणि मधे काळा ठिपका. शेकडो डोळे टकाटका बघत होते! बाबा नाचू लागले, म्हणून गावही नाचू लागला.

ती वाटी सहादेवच्या धाकट्या भावजयीची, जयमालाची होती. सासूने लगेच निकाल दिला: हिला आजच माहेरी धाडा, पोरगी इथंच राहील.

जयमालाने त्या वाटीतला एक दाणा चिमटीत दाबून पाहिला आणि तडक उसात गेली. परतली ती दोन वाळकी रोपं घेऊन. माझ्यापुढे धरून म्हणाली, "गुरुजी, रोज खुरपते मी ही तनं. ही रानमोहरी. फूल पिवळं, शेंग लांब, दाना गोल. अन् हे रानअहाळीव. फूल पांढरं, शेंग टिकलीएवढी, दाना चपटा. दोगी एकाच भावकीतल्या. पन ह्यो चपटा भिजला की बुळबुळीत फुगतो, बाळंतिनीच्या अहाळिवावानी."

दोन नव्या वाट्यांत तिने दोन्हीचे दाणे चोळून टाकले. या वेळी भजन नव्हतं. तरी रानअहाळिवाला डोळे फुटले, रानमोहरीला नाही. मला हसू आवरेना. मी बाबांच्या कमरेला हात घातला, तर बटवे दोन निघाले! एकात गोल दाणे, दुसऱ्यात चपटे. घरात कोणाचं कोणाशी पटत नाही, हे बाबांनी सकाळीच जेवताना जयमालाच्या सासूकडून काढून घेतलं होतं. बाबा म्हणाले, जरा लघवीला जाऊन येतो. मग त्यांच्या टेम्पोचाच आवाज आला.

जयमालाने सासूच्या कडेवरून लेक ओढून घेतली आणि तेव्हा कुठे रडली. माझं हसू तिथंच थांबलं.

लोकहो, म्हैस आटली तर ढोरांचा डॉक्टर बोलवा. कोणी चमत्कार दाखवला, तर तो आपल्या हातानं करून बघा. पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्याच वेळात आम्ही एका आईपासून तिचं लेकरू तोडायला निघालो होतो.