'दुकान' अशी पट्टी लावलेले कार्ड

मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे. खरे तर अर्धेच. मित्रांनो, माझा वरचा अर्धा भाग याच शिवणाच्या डब्यात बटणांखाली कुठेतरी पडला आहे.

एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि पाकिटात बसून मी पडदे शिवणाऱ्या ताईंकडे आले. माझ्या अंगावर दोन ओळी होत्या. वर दुकानाचे नाव, खाली ताईंचे.

ताईंची शिस्त कडक. दुकानाची वस्तू घरी न्यायची नाही, घरची दुकानात आणायची नाही. कात्र्या दोन, किटल्या दोन, छत्र्यासुद्धा दोन, आणि प्रत्येकीवर 'दुकान' किंवा 'घर' अशी कापडी पट्टी. एकदा लेकीने कागद कापायला दुकानाची कात्री मागितली.

"ती नाही मिळायची," ताई म्हणाल्या. "दुकानाचा संसार वेगळा, आपला वेगळा."

मी आले त्याच दिवशी माझ्यावरही 'दुकान' पट्टी चिकटली, ती नेमकी ताईंच्या नावावर. मला मोठा मान मिळाल्यासारखे वाटले. कापड, अस्तर, कड्या, दोरा, सगळे मी आणले. घरासाठी साधी सुईसुद्धा ताईंनी माझ्यावर घेतली नाही.

मग एका नव्या हॉटेलाने साठ खोल्यांचे पडदे सांगितले. कापड माझ्यावरच आले. पडदे शिवून झाले आणि हॉटेल उघडण्याआधीच त्याचे दिवाळे निघाले. त्या मापाचे पडदे दुसऱ्या कुठल्या खिडकीला लागणार? वर्षभर ओढाताण करून ताईंनी यंत्रे विकली, आलेले पैसे बँकेत भरले, दुकानाला कुलूप लावले आणि मला आडवे कापले.

"दुकान बुडालं, पण घर वाचलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मीही सुटकेचा निःश्वास टाकला.

पंधरा दिवसांनी घरी बँकेचे पत्र आले. ताईंच्या नावाने. माझ्यावरचे उरलेले सगळे पैसे त्यांनीच भरायचे होते. ताईंनी बँकेत फोन लावला.

"अर्जावर दोन सह्या आहेत, ताई," पलीकडून आवाज आला. "पहिली दुकानातर्फे. दुसरी तुमची स्वतःची. दुकानाला जमलं नाही तर मी फेडेन, असं तिच्या वरच्या ओळीत लिहिलंय."

"अहो, पण घरासाठी मी त्यावर सुईसुद्धा नाही घेतली."

"असेल. पण सही तुमचीच आहे ना?"

ताईंना अर्ज भरल्याचा दिवस आठवला. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक ताटकळले होते. बँकेच्या माणसाने बोट ठेवले तिथे त्यांनी सही केली होती, दोन्हीकडे. त्यांनी मला डब्यातून काढले, पट्टी सोलली आणि खालच्या नावावरून बोट फिरवले. मित्रांनो, मला धक्काच बसला. इतकी वर्षे मी स्वतःला दुकानाचे समजत होते, आणि पहिल्या दिवसापासून मी ताईंच्या घरावर बसलेले होते.

लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे आता हप्त्यांत जातात. "माझं पुढच्या वर्षी बघू, आई," असे ती म्हणाली, तेव्हा ताईंना तिच्याकडे बघवेना.

दोन्ही कात्र्यांवरच्या पट्ट्याही त्यांनी काढून टाकल्या आहेत. आता दोन्ही कात्र्या माझ्याशेजारी असतात आणि लेक हाताला येईल ती उचलते. कोणी तिला अडवत नाही.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्यापुढेही कागद येतील. दारात गिऱ्हाईक ताटकळले तर ताटकळू द्या. दुसरी सही करण्याआधी तिच्या वरची ओळ वाचा.